तक्रारदाराचा पत्ता

३ मार्च, सोमवार

सतरा वर्षं पाळणाघर चालवते आहे. आज पहिल्यांदा कोणीतरी माझ्याविरुद्ध लिहिलं, आणि तेही नाव न घालता.

भाचीने गेल्या वर्षी इंटरनेटवर पाळणाघराचं पान करून दिलं. फोटो, वेळा, आणि खाली 'आपले मत लिहा' अशी एक चौकट. मी तेव्हाच म्हटलं होतं, लोकांना मत विचारू नये, विचारलं की ते देतात. आज सव्वाचारला मुलांचं दूध उरकून टेकले आणि फोन वाजला. मत आलं होतं. ते असं: 'बाई कष्टाळू आहेत. मुलांचं खाणंपिणं चोख असतं. पण दुपारी ज्या मुलाला झोप येत नाही त्याला मागच्या खोलीत एकटं बसवतात. तेवढं बदललं तर बरं होईल. एक हितचिंतक.'

हितचिंतक म्हणे. आधी पाठीवरून हात फिरवायचा आणि मग चिमटा काढायचा.

मागच्या खोलीबद्दल इथे लिहून ठेवते, उद्या कोणी विचारलं तर माझं मला स्पष्ट असावं. एकोणीस मुलं एका हॉलमध्ये झोपतात. एकाने भोकाड पसरलं की अठरा उठतात. म्हणून जागं राहणाऱ्याला मागच्या खोलीत खेळणी देऊन बसवते. दार उघडंच असतं. सध्या ती पाळी भिंगरीची आहे. वय तीन, झोप शून्य. खरं नाव वेगळंच आहे, पण तिची आईसुद्धा आता भिंगरीच म्हणते.

यांना मत वाचून दाखवलं. पेपरमध्ये डोकं घालून "हं" म्हणाले. दुसरी अपेक्षाही नव्हती. पस्तीस वर्षं नकाशे काढले, लोक यांना विचारून घराची दारं-खिडक्या ठरवायचे. स्वतःच्या घरात मात्र तोंडात मिठाची गुळणी धरून बसतात.

४ मार्च, मंगळवार

भाचीला फोन केला. तिचं म्हणणं, लिहिणाऱ्याने नाव घातलं नाही तरी त्याचा आयपी पत्ता मला मेलमध्ये येतो. उघडून बघितलं. खरंच होता. आकड्यांचे चार तुकडे, मध्ये टिंबं. शेवटचा तुकडा अठ्ठ्याऐंशी.

"म्हणजे हा त्याच्या घराचा पत्ता?" मी विचारलं.

"घराच्या जोडणीचा, मावशी. पण ते तसं सरळ नसतं..."

"घराचा आहे की नाही, एवढं सांग."

"आहे घराचाच, पण..."

पण-बिण ऐकायला मला वेळ नव्हता. इकडे एकाने चड्डी ओली केली होती आणि दुसरा त्यात गाडी चालवत होता. पत्ता म्हणजे पत्ता. माणसं खोटं बोलतात, मरतात, पळून जातात, पत्ता जागेवर असतो. भाचीने एक पान सांगितलं, ज्या घरात बसून ते उघडाल त्या घराचा आकडा ते दाखवतं. मला एवढं पुरे.

संशय कोणावर हे लिहायला नकोच. माझ्या डोक्यावरच राहतात. मामंजींनी घराच्या चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा मला तळमजला आला आणि जाऊबाईंना वरचा. मोठे दीर गेले, मुलगा परदेशी, आणि जाऊबाईंचे गुडघे गेलेत. तीनदा मजला बदलून मागितला. एकोणीस मुलं मी जिन्यावरून वर-खाली करू का? पाळणाघर बंद पडलं तर मात्र मला नाही म्हणायला कारण उरणार नाही. हे मला कळतं तसं त्यांनाही कळतं.

६ मार्च, गुरुवार

मदतीला ठेवलेली आया आज पुन्हा कुरकुरली. दुपारी एकला मुलं आडवी झाली की मी इंटरनेटच्या डब्याचं बटण बंद करते, चारला चालू करते. लहान डोक्यांशेजारी ते किरण नकोत. आयाला व्हिडिओ बघता येत नाहीत म्हणून तिचा जीव जातो. यांचाही फोन घरच्याच जोडणीवर चालतो, वेगळं काही घेऊ दिलं नाही मी. पण यांची कधी तक्रार नाही. जगाशी बोलायचंय कुठे यांना.

हे जेवताना म्हणाले, "मागच्या खोलीच्या दाराला वर काच बसवू या का? आतलं दिसेल."

मी म्हटलं, "निवृत्त झालात ना? मग नकाशे पुरे."

ताटातलं संपवून उठले. भिंगरीला द्यायला बिस्किटं मात्र रोज यांच्या खिशात असतात. फूस लावून ठेवलीय तिला, म्हणूनच झोपत नाही ती.

१० मार्च, सोमवार

सापडल्या.

सकाळी नऊ चाळीसला दुसरं मत आलं. 'दारापर्यंत येऊन बसते ती मुलगी. दाराखालच्या फटीतून तिची बोटं दिसतात. बाईंनी एकदा खाली वाकून बघावं.' पत्त्याच्या शेवटी एकशे सत्तेचाळीस.

वाचून माझ्या अंगाची लाही लाही झाली. दाराखालची बोटं जाऊबाईंना वरून दिसली कशी? जिन्याच्या खिडकीतून, दुसरं काय. जिना चढवत नाही म्हणतात, वाकून बघायला बरं जमतं.

आज आयतीच संधी आली. बाराच्या सुमाराला जाऊबाईंकडे पंखा दुरुस्त करायला वायरमन आला होता. त्याने वरच्या मजल्याची वीज तासभर बंद ठेवली होती, एक वाजून गेल्यावर सुरू केली. तीनला मी पंख्याची चौकशी करायच्या निमित्ताने वर गेले. जाऊबाईंनी चहा टाकला. मी म्हटलं, "माझ्या फोनला आज रेंज नाही, तुमची जोडणी जरा लावून द्या." त्यांनी मुलाने भिंतीवर चिकटवलेला कागद दाखवला, मी त्यावरचा पासवर्ड टाकला आणि भाचीने सांगितलेलं ते पान उघडलं.

एकशे सत्तेचाळीस. चारही तुकडे तेच.

चहा प्यायले. बरा केला होता. खाली येईपर्यंत काही बोलले नाही याचं माझं मलाच कौतुक वाटलं.

उद्या कोणी म्हणायला नको की स्वतःच्या घराचं बघितलं नाहीस. म्हणून पाच वाजता आमच्या डब्याचाही आकडा बघितला. त्रेसष्ट. आमच्या घराचा काही संबंध नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. दोन्ही मतं एक ते चारच्या आत आलेली नाहीत. एक आलं सव्वाचारला, एक सकाळी. जाऊबाई दुपारी झोपतात तीच वेळ. अशा बारीक गोष्टींवरूनच माणूस पकडला जातो.

भाचीला सांगून दोन्ही मतं पुसून टाकली. आकडे वहीत उतरवून घेतले आहेत.

११ मार्च, मंगळवार

पुसून काही उपयोग झाला नाही. भिंगरीच्या आईने कालच फोनवर दोन्ही मतांचे फोटो काढून ठेवले होते. रुग्णालयात परिचारिका आहे ती, पाळीवरून थेट आली, गणवेशातच. विचारत होती, "काकू, ही माझी मुलगी आहे का?"

मी म्हटलं, "पाळणाघरात एकोणीस मुलं आहेत."

"न झोपणारी एकच आहे," ती म्हणाली. मुलीची पिशवी उचलली आणि गेली. भिंगरी जाताना यांना टाटा करत होती. मला नाही.

दार उघडं असतं हे मी तीन तारखेला लिहिलं ते तंतोतंत बरोबर नाही. ओढून घेते. उघडं ठेवलं तर ती बाहेर येते, मग उपयोग काय? दहा मिनिटं रडतात आणि गप्प होतात. सतरा वर्षांत एकाही मुलाला काही झालेलं नाही. यातली कितीतरी आता कॉलेजात आहेत.

१४ मार्च, शुक्रवार

आज सोक्षमोक्ष लावला. चार दिवस गिळून बसले होते, पण आज आणखी दोन पालक कुजबुजताना दिसले आणि माझा तोल गेला. सहाला सगळे मुलांना न्यायला अंगणात जमले होते. मी जिन्याखाली उभी राहून जाऊबाईंना हाक मारली. कठडा धरत एकेक पायरी उतरत आल्या. वेळ लागला. तेवढ्यात सगळे गोळा झाले, ते बरंच झालं.

मी वही उघडून वाचलं. मत क्रमांक दोन, वेळ नऊ चाळीस, पत्ता एकशे सत्तेचाळीस. त्याच दिवशी तीन वाजता तुमच्या घरात कोणता पत्ता होता? हाच. मी डोळ्यांनी बघितला.

जाऊबाई म्हणाल्या, "मला यातलं काही कळत नाही. मुलाने डबा लावून दिलाय. मला फक्त त्याचा फोन उचलता येतो."

"बोटं दिसली ते लिहिता येतं आणि हे कळत नाही?"

"कसली बोटं?"

"सोंग पुरे. तळमजल्यासाठी तुम्ही मुलांच्या अन्नावर उठलात."

एका मुलाने बाटली पाडली. जाऊबाई सगळ्यांकडे एकदा बघून घेऊन म्हणाल्या, "आजपासून तुझ्यामाझ्यात जिना नाही." आणि वळून चढायला लागल्या. चढताना उतरण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. सगळे बघत उभे होते. हे धावत जाऊन "वहिनी, हात द्या" म्हणाले, त्यांनी हात झटकला.

रात्री हे जेवले नाहीत. म्हटलं, वहिनीचा एवढा पुळका असेल तर वर जाऊन जेवा. "तसं नाही गं," म्हणाले आणि बराच वेळ ताटाकडे बघत बसले. काहीतरी सांगायचं होतं बहुतेक. पण या माणसाचं वाक्य सुरू होऊन संपेपर्यंत माझी भांडी घासून होतात.

१५ मार्च, शनिवार

लिहू की नको असं झालं होतं. लिहिते. निदान या वहीत तरी खोटं नको.

जाऊबाईंच्या इंटरनेटची वायर माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीवरून वर जाते. माझ्या भिंतीवरून, मला न विचारता. सकाळी झाडांच्या कात्रीने कापली. एकच दाब दिला. आता बघू कोण कुठून मतं लिहितं.

हात धुतले. बरं वाटलं. दुपारपर्यंत वाटत होतं.

१७ मार्च, सोमवार

बालसंगोपन कार्यालयाचं पत्र आलं. भिंगरीच्या आईने त्या फोटोंची छापील प्रत तिथे दिली. शुक्रवारी अकरा वाजता तपासनीस येणार. अहवाल वाईट आला तर परवानगी रद्द.

परवानगी गेली तर मी कोण? असे प्रश्न मी सहसा स्वतःला विचारत नाही. पण आज एकोणीस गाद्या गुंडाळताना, म्हणजे आता तेराच, हाच प्रश्न डोक्यात होता. आम्हाला मूल झालं नाही. सतरा वर्षांपूर्वी शेजारच्या एकीने आपलं बाळ चार तासांसाठी ठेवलं आणि मी दुसऱ्या दिवशी दाराशी वाट बघत उभी होते. तेव्हापासून हे घर सकाळी आठला भरतं. ते रिकामं राहिलं तर मी आणि हे, आणि यांचा पेपर.

आणखी तीन पालकांनी मुलं काढली. सगळ्यांचं पाप जाऊबाईंच्या माथी.

वरून गेले दोन दिवस मुलाशी बोलण्याचा आवाज येत नाही. एरवी संध्याकाळी सातला इतक्या मोठ्याने बोलतात की परदेशापर्यंत फोनशिवाय जाईल. आज सातला मी काही कारण नसताना पंखा बंद करून ऐकलं. काही नाही.

१९ मार्च, बुधवार

इंटरनेट कंपनीचा माणूस वरची वायर जोडायला आला. शिडी माझ्याच खिडकीला लावली. वायरीची टोकं बघून म्हणाला, "काकू, ही उंदराने नाही कुरतडली. कात्रीचं काम आहे."

मी म्हटलं, "असेल. वर गुन्हेगार राहतात." आणि आलाच आहे तर म्हणून वही दाखवली. एकशे सत्तेचाळीसवर कंपनीने कारवाई करावी असा अर्जही लिहून ठेवला होता, तो हातात दिला.

त्याने अर्ज वाचला. दोनदा वाचला. मग शिडीच्या खालच्या पायरीवर बसला.

"काकू, हा कोणाचा पत्ता नाही."

"तिच्या घरात मी बघितला."

"त्या वेळेला होता त्यांच्याकडे. तुम्ही डॉक्टरांकडे जाता ना, बाहेर बिल्ला मिळतो, सात नंबर. तुम्ही आत जाऊन आलात, बिल्ला परत केलात की तोच सात नंबर पुढच्या माणसाला. आता सात नंबरवाल्याने खुर्ची मोडली म्हणून तुम्ही पुढच्या सात नंबरला धरलंत तर? तसंच हे. कंपनीकडे या भागासाठी ठरावीक आकडे असतात. घरातला डबा चालू केला की तो आकडा मागतो, मोकळा असेल तो त्याला मिळतो. डबा बंद केला की आकडा परत. पुन्हा चालू केला की बहुतेक वेळा दुसराच."

"मग कायमचा पत्ता कोणाला असतो?"

"मोठी ऑफिसं घेतात. घरांना कोण देतो?"

भाचीचं 'पण' म्हणजे हे होतं. इतकं साधं होतं तर तिने नीट सांगायला काय झालं होतं? मी तिला बोलू दिलं नाही, ते वेगळं.

मी विचारलं, "मग दहा तारखेला नऊ चाळीसला हा बिल्ला कोणाच्या खिशात होता?"

"दुसऱ्यांचं मी सांगू शकत नाही. नोकरी जाईल." मग जरा थांबून म्हणाला, "तुमच्या स्वतःच्या जोडणीची नोंद दाखवता येईल. हवी?"

मी म्हटलं, दाखव, आमचा त्रेसष्ट आहे. त्याने फोनवर काहीतरी उघडलं. रविवार सोडून रोज दुपारी एकला आमचा डबा बंद आणि चारला चालू अशी ओळीने नोंद. तो हसला, "तुमच्याइतके पत्ते या भागात कोणी बदलत नाही, काकू." दहा तारखेशी बोट थांबवलं. आठ तारखेच्या दुपारी चारपासून दहाच्या दुपारी एकपर्यंत, एकशे सत्तेचाळीस. दहाच्या दुपारी चारपासून, त्रेसष्ट.

"वरच्या आजींचा डबा एकनंतर चालू झालाय का त्या दिवशी? वीज-बीज गेली होती?"

तीन तारखेचा आकडा मीच विचारला. संध्याकाळी चारपासून आमच्याकडे अठ्ठ्याऐंशी.

"एका घरातले सगळे फोन बाहेर त्या घराच्या एकाच आकड्याने जातात," तो शिडी उचलताना म्हणाला. "कोणाचा फोन ते यावरून नाही कळायचं. पण घर तुमचंच."

अर्ज त्याने परत दिला. फाडून चुलीत घालायला आता चूलही नसते घरात.

२० मार्च, गुरुवार

दिवसभर विचार केला. घरातल्या जोडणीवर तीन फोन. माझा, यांचा, आयाचा. मी लिहिलं नाही. हे तर असे की शर्टाची गुंडी तुटली तरी आठवडाभर तसेच फिरतील, सांगणार नाहीत. राहिली आया. दुपारी व्हिडिओ बघू देत नाही त्याचा सूड. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी बाई. तपासणी होऊ दे, मग तिला रस्ता दाखवते. आता काढलं तर तपासनीस बाईंसमोर जाऊन बोलेल.

जाऊबाईंचं काय करायचं ते तपासणीनंतर बघू. चूक झाली म्हणायला मला जड जाईल असं नाही. पण सगळ्या पालकांसमोर बोलले आहे, आता एकटीने जाऊन मागे घ्यायचं म्हणजे अर्धंच होईल. आणि सगळ्यांना बोलावलं तर पाळणाघर संपलं.

एक काम उरकलं. मागच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी होती ती काढली. हो, होती. भिंगरीला ओढलेलं दार उघडता यायला लागलं म्हणून गेल्या महिन्यात मीच सुताराकडून बसवून घेतली, वरच्या बाजूला. स्क्रू काढल्यावर चार भोकं उरली, त्यांवर हत्तीचं रंगीत चित्र चिकटवलं. हे दारात उभे राहून बघत होते. म्हटलं, "स्टूल तरी धरा." धरलं नाही. सगळं बघून झाल्यावर आत निघून गेले.

२१ मार्च, शुक्रवार

क्रमाने लिहिते.

तपासनीस बाई अकराला आल्या. वयाने माझ्याहून लहान, बोलायला मोजक्या. गाद्या बघितल्या, स्वयंपाकघर बघितलं, संडासातली पायरी बघितली. दहा मुलं होती, सगळी गुणी वागली. मागच्या खोलीत गेल्या, खिडकी उघडून बघितली, दार लावून बघितलं. हत्तीवरून नजर गेली, थांबली नाही.

मग म्हणाल्या वरच्या आजींना भेटायचंय. जाऊबाई खाली आल्या नाहीत, बाईच वर गेल्या, मी मागून गेले. जाऊबाई दारातच उभ्या राहिल्या.

"दुपारी मूल रडल्याचा आवाज कधी आला का तुम्हाला?"

जाऊबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मला काही सांगायचं नाही. मी आता बोलले की ते लिहिणारी मीच असं ठरेल. अंगणात ठरलंच आहे."

मला हायसं वाटलं. आधी हायसं वाटलं आणि मग लाज वाटली. क्रम हाच होता.

खाली येऊन बाईंनी आयाला विचारलं. आया म्हणाली, "मी दुपारी भांडी घासते, मला माहीत नाही." मी मनात म्हटलं, डांबरट. बाईंनी फाईल उघडली. "आई रागावलेली आहे, पण तिने स्वतः काही बघितलेलं नाही. मूळ मजकूर निनावी आहे. लिहिणारा समोर येत नसेल तर मला ही फाईल बंद करावी लागेल." पेनाचं टोपण काढलं.

हे खिडकीशी बसले होते. पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि उठले. मला वाटलं पाणी आणायला.

"मी लिहिलं," हे म्हणाले. "दोन्ही वेळा मीच."

मी म्हटलं, "अहो, काय बोलताय?"

माझ्याकडे बघितलं नाही. थेट मागच्या खोलीकडे गेले. हत्तीच्या चित्राचा एक कोपरा नखाने सोडवला आणि चित्र खाली ओढलं. चार भोकं. "इथे कडी होती. काल काढली," बाईंना म्हणाले. या वेळी वाक्य पुरं केलं. आया पदर तोंडाला लावून उभी होती. तिच्याकडे मला बघवेना.

बाईंनी कोरा फॉर्म काढला. वर पाळणाघराचं नाव, पत्ता लिहिला. खाली तक्रारदाराचं नाव. यांनी सांगितलं. "पत्ता?"

"हाच," हे म्हणाले.

बाईंनी मान वर करून आधी यांच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. आणि पत्त्यासमोर 'सदर' असं लिहिलं.

परवानगी दोन महिने स्थगित. मग फेरतपासणी. मुलांच्या घरी फोन करायला मला सांगितलं. दहा फोन केले. तीनपर्यंत सगळी गेली.

त्यानंतर घरात आम्ही दोघंच. मी काही बोलणार नव्हते. संध्याकाळी हेच म्हणाले, "त्या फटीतून तिची बोटं दिसायची गं. मी बाहेर बसून त्यांना बोट लावायचो. मग ती गप्प व्हायची."

म्हणजे दहा मिनिटांत गप्प व्हायची ती अशी.

"मग दार उघडायचं होतं," मी म्हटलं.

"उघडलं की तू येऊन लावायचीस."

"माझ्याशी बोलायचं होतं. पालकांच्या देखत जगजाहीर कशाला?"

यावर हे गप्प. एकतीस वर्षं मला या गप्प बसण्याचा राग येतो. आजही आला. पण आज पहिल्यांदा वाटलं की उत्तर आलं असतं तर ते मला झेपलं नसतं.

२३ मार्च, रविवार

जाऊबाईंकडे गेले. काल जायचं होतं, काल पाय निघाला नाही. पायऱ्या सतरा आहेत, कधी मोजल्या नव्हत्या.

बेल वाजवली. आतून काठीचा आवाज दारापर्यंत आला आणि थांबला. दार उघडलं नाही.

"मी आहे, ताई."

"ऐकू येतंय. तिथूनच बोल."

खाली शेजारच्या अंगणात कोणीतरी चपला घालत होतं, ते रेंगाळलं. रेंगाळू दे म्हटलं. मी जरा मोठ्यानेच बोलले. तक्रार तुमची नव्हती. आमच्या घरातली होती, यांनी लिहिली होती. मी तुम्हाला सगळ्यांसमोर नको ते बोलले. तुमची वायर मी कापली, कात्रीने. तुमचं मुलाशी चार दिवस बोलणं झालं नाही ते माझ्यामुळे. चुकले.

"तक्रार माझी नव्हती हे मला माहीत होतं," जाऊबाई म्हणाल्या. "नवीन काही?"

मला वाटलं आता उघडतील. नाही उघडलं. खाली जावं की थांबावं कळेना. मग जे दोन दिवस डोक्यात होतं तेच विचारलं.

"ताई, दुपारी पोर रडायची ते तुम्हाला वर ऐकू यायचं?"

"रोज."

"मग मला येऊन सांगितलं का नाहीत?"

काठी जमिनीवर एकदा टेकल्याचा आवाज आला.

"तुला?" जाऊबाई आतून म्हणाल्या.

मी आणखी थोडा वेळ उभी राहिले आणि खाली आले.